गेनूचा कैवारी

एका राज्यात, सुमेध राजाच्या अकराव्या वर्षी, हेमंत ऋतूत, मार्गशीर्ष वद्य पंचमीच्या पहाटे खजिन्याची भिंत फुटली आणि सोन्याचा हंडा नाहीसा झाला.

हंडा साधा नव्हता. राजाच्या आजोबांनी तो आणला, त्या दिवसापासून राजघराण्यात कोणालाच स्वतःचे तोंड दिसत नसे. आरशात मागची भिंत दिसे, पाण्यात वरचे आभाळ दिसे. न्हावी सांगेल तशी राजा दाढी राखी. त्याचे कोणाला नवल उरले नव्हते.

उजाडता उजाडता कोतवालाने त्या भिंतीपाशी गेनूला धरले. गेनू पूर्वी घरफोड्या होता. पुढे त्याने तो धंदा सोडला. फोडलेल्या प्रत्येक घरी तो दिवसाढवळ्या गेला, धन्याच्या शिव्या खाल्ल्या आणि भिंत बुजवून दिली. तेव्हापासून कुठेही भिंतीला खिंडार दिसले की त्याचे हात स्वस्थ बसत नसत. पण शहराला घरफोड्या तेवढा आठवत होता.

त्या राज्यात कायदा होता. चोरीचा आळ आला की दरबारचा मांत्रिक आरोपीचा आवाज काढून घेई आणि तांब्याच्या घागरीत कोंडी. आरोपीसाठी दुसऱ्याने बोलायचे. त्याला कैवारी म्हणत. कैवाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत, कोणालाही. ज्याला विचारले त्याने खरे सांगावे. तेवढ्यात आळ धुतला गेला नाही, तर आरोपीचे दोन्ही हात तोडत आणि कैवाऱ्याचा आवाज कायमचा घागरीत जाई. म्हणून कैवारी मिळत नसे.

गेनूसाठी निंबाजी उभा राहिला. तो किल्ल्यावरचा जुना शिलेदार, वयाने थकलेला, बोलायला तुटक. फार वर्षांपूर्वी त्याच्या घराला आग लागली, दाराचा अडसर अडकला. त्याच वेळी मागची भिंत फोडून गेनू चोरीला आत शिरला होता. गेनूने निंबाजीचा पाय धरला, त्याला खिंडारातून बाहेर ओढले आणि कशालाही हात न लावता निघून गेला. निंबाजी हे कधी बोलला नाही. विसरलाही नाही.

कोतवाल हसून म्हणाला, "म्हातारबा, या वयात चोराची बाजू घेता?"

"बाजू घ्यायला आलोय. चोराची की कुणाची, ते पुढे ठरेल."

राजा म्हणाला, "निंबाजी, आवाज गेला तर परत मिळणार नाही."

"माहीत आहे महाराज. मला तो फारसा लागत नाही. दरबार तेवढा त्या भिंतीपाशी भरवा."

दरबार भिंतीपाशी भरला. गेनू मध्ये उभा होता, हात दोरखंडाने बांधलेले. शेजारच्या लिंबावर खजिन्याची राखणदार मैना बसली होती. ती खोटे बोलत नसे. गेनूला पाहिले, असे तिनेच सांगितले होते.

निंबाजीने तिला पहिला प्रश्न विचारला. "मैनाबाई, गेनू आला तेव्हा भिंत कशी होती?"

"फुटलेली होती."

कोतवाल चिडला. "हे सकाळी का सांगितलं नाहीस?"

"कोण दिसलं एवढंच तू विचारलंस. गेनू दिसला. त्याआधी मी झोपले होते."

"राखणदार आणि झोपली?"

"मी पक्षी आहे. अंधारात झोपते."

"म्हणजे याने भिंत फोडली, हंडा लपवला आणि परत आला," कोतवाल म्हणाला. माना डोलल्या.

निंबाजी त्याच्याकडे वळला. "कोतवालसाहेब, याला धरलंत तेव्हा हाताला माती कशी होती?"

"कोपरापर्यंत होती."

"किती ते नाही विचारलं."

कोतवालाला खरे सांगणे भाग होते. "ओली होती. गवताचं काड कालवलेली."

निंबाजीने खिंडाराकडे काठी केली. खालचे अर्धे खिंडार विटा लावून, वर चिखलाचा गारा लिंपून बुजवलेले होते. "फोडणाऱ्याच्या हाताला कोरडी धूळ लागते. ओला गारा लिंपणाऱ्याच्या हाताला लागतो. हंडा नेणारा माणूस मागे थांबून भिंत लिंपत बसत नाही."

"मग भिंत फोडली कुणी?"

"प्रश्न मी विचारायचे आहेत. उरलेल्या विटा बघा. सगळ्या बाहेरच्या अंगाला पडल्यात. धक्का आतून बसला. कुलूप शाबूत आहे, किल्ली तुमच्या कमरेला आहे. आत हंड्याशिवाय कुणी नव्हतं."

साऱ्यांनी पायाखालच्या जमिनीकडे पाहिले. धन्यापासून तोडलेला हंडा जमिनीखालून साखळ्या वाजवत, परवानगी मागत धन्याकडे निघतो, हे तिथे लहान मूलही जाणत होते.

निंबाजी राजासमोर आला. "महाराज, हा हंडा आपल्या घरी कुठून आला?"

मांत्रिक पुढे झाला. "राजाला प्रश्न?"

"कोणालाही, असा कायदा आहे."

गेनू आपल्या हातांकडे पाहत होता. राजानेही त्या हातांकडे पाहिले.

"आजोबांच्या काळी बिरू नावाच्या धनगराला तो माळावर सापडला," राजा म्हणाला. "दरबाराने त्याला दरोडेखोर ठरवलं. त्याला कैवारी मिळाला नाही. त्याचे हात गेले, हंडा इथे आला. आजोबांनी मरताना वडिलांना सांगितलं, वडिलांनी मला. आळ खोटा होता. ते इथे आज पहिल्यांदा बोललं जातंय."

तेव्हा पायाखाली साखळ्या खणखणल्या आणि जमिनीतून आवाज आला, "जाऊ का?"

"जा," राजा म्हणाला. "बिरूच्या घरच्यांकडे जा."

साखळ्यांचा आवाज माळाच्या दिशेने सरकत गेला. संध्याकाळी बिरूची नात मेंढ्या कोंडत असताना तिला उंबऱ्याखालून "येऊ का?" असे ऐकू आले. ती "ये" म्हणाली.

इकडे घागर आपोआप उकलली. कोंडलेले आवाज बाहेर पडले, गेनूचा त्याच्या गळ्यात परतला. त्यात बिरूचाही होता. "मी चोर नव्हतो," एवढे बोलून तो विरला. राजाने पाणी मागवले आणि वाकून पाहिले. तोंड दिसले. ते हुबेहूब आजोबांसारखे होते. त्याने घागर वितळवून टाकली. त्यानंतर आरोपी स्वतःच्या तोंडाने बोलू लागला आणि कैवारी नुसता शेजारी उभा राहू लागला.

गेनूचे हात सोडले, तसा तो आधी भिंतीकडे गेला. उरलेले खिंडार बुजवले, वरून हात फिरवला, मग निंबाजीपाशी आला.

"बाबा, तुमचा आवाज गेला असता."

"तू धूर बघूनही आत शिरलास."

गेनूने हातावरचा गारा पुसला. "मग फिटलं?"

"फिटलं," निंबाजी म्हणाला.