तिघांचं यंत्र

एका तालुक्याच्या गावात एक भोळा प्राध्यापक होता, भाऊराव टेंभरे. भोळा म्हणायची आपली रीत, अक्कल नव्हतीच. दगडातली खनिजं ओळखणारं मोठं यंत्र तीन कॉलेजांनी मिळून घ्यायचं ठरलं, तेव्हा खरेदीला हेच रत्न निवडलं गेलं. का, तर सांगितलेलं निमूट करतात.

यंत्राची वाट शेजारच्या खेड्यातल्या सरपंच वच्छलाबाईही बघत होत्या. त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणी पिऊन पोरांचे दात पिवळे पडत होते. विहिरीतल्या दगडात काय आहे ते कळलं, की पाणी प्यायचं की सोडायचं ते ठरणार होतं.

आधी यंत्राच्या जोडीला लागणारी भट्टी आली. टेंभऱ्यांनी लगेच चालू केली. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य देशकरबाई रागावल्या. नवी वस्तू आली की आधी नारळ फोडतात, म्हणाल्या. टेंभरे म्हणाले, "बरं."

मग काचेची भांडी आली. टेंभऱ्यांनी खोक्यावरच नारळ आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, म्हणून पुन्हा आपटला. बाईंनी कपाळाला हात लावला. आलेला माल कुलपात ठेवावा, कुणाला हात लावू देऊ नये, असं बजावलं. टेंभरे म्हणाले, "बरं."

मग द्रव नायट्रोजन आला. बर्फाहून थंड आणि ठेवला तर आपोआप उडून जाणारा. टेंभऱ्यांनी तो कुलपात घातला. बाकीची कॉलेजं मागायला आली, तर किल्ली कमरेला खोचून बसले. शेवटी कुलूप उघडलं तेव्हा भांडं कोरडं. टेंभऱ्यांनी चौकीदारावर चोरीचा आळ घेतला.

"अहो, ते तिघांचं होतं," बाई म्हणाल्या. "तिघांचं काही आलं, की त्याच दिवशी सारखे तीन वाटे करून पोचवायचे."

"बरं."

मग यंत्र आलं. बाई नेमक्या बैठकीला नागपूरला. टेंभऱ्यांनी गॅसकटरवाला बोलावला. वाटे काट्यावर तोलले. सारखे भरेनात, म्हणून यंत्राचा काचेचा पडदाही कापला.

बाई परतल्या तेव्हा वाटे पोचलेही होते. बाकीच्या दोन प्राचार्यांनी तोवर आपापल्या वाट्याला हार घालून उद्घाटनही उरकलं होतं. फोटोत दोघेही हसत होते. मूर्खपणा काय एकट्या टेंभऱ्यांच्या वाट्याला आला होता?

तेवढ्यात वच्छलाबाई पदरात दगड बांधून आल्या.

"सर, पाणी पिऊ का नोको पिऊ, थेवढं सांगा."

टेंभऱ्यांनी हातोडीनं दगडाचे तीन तुकडे केले आणि त्यांच्या ओंजळीत टाकले.

"हे तिन्हीकडे एकेक द्या. आणि पाणी तर अख्ख्या गावाचं आहे. सगळ्यांना सारखं वाटून प्या."