वरच्या फांदीची राहणारी

फार दूरची नाही, आपल्याच डोंगरांतल्या एका राज्याची ही गोष्ट. तिथल्या राजाची आई म्हातारी झाली होती आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एक दिवस ती राजाला म्हणाली, "बाळा, डोळे जायच्या आत एकदा सीतेची वेणी बघायची आहे रे. नुसतं नाव ऐकून जन्म गेला."

सीतेची वेणी म्हणजे दाट रानात झाडाच्या अंगावर उगवणारं फूल. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा घोस वेणीसारखा खाली लोंबतो. राजाने आपल्या माळ्याला बोलावून सांगितलं, "राईतल्या सगळ्यात मोठ्या झाडावर ती आहे म्हणतात. पंधरा दिवसांनी आईसाहेबांची पालखी तिथे येईल. बसल्या जागी हात लावता येईल इतकी ती खाली आण."

माळी हुशार, पण सगळा जन्म वाफे आखण्यात गेलेला. त्याने मध काढणाऱ्या एका म्हाताऱ्याला झाडावर चढवलं. वेणीची चार रोपं होती, त्यातली तीन काढायला लावली.

म्हातारा कुरकुरला, "दादा, नका आसं करू. तिची जागा वरची हाय."

"बाबा, हे बांडगूळ आहे," माळी म्हणाला. "झाडाचा रस पितं. मग झाड तेच असल्यावर वर काय नि खाली काय!"

त्याने बुंध्यावरचं शेवाळ खरवडलं आणि तिथे तिन्ही रोपं ऐटीत बांधली. पाचव्या दिवशी कळ्या गळल्या. दहाव्या दिवशी मुळं कुजून काळी पडली. माळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता वर एकच रोप उरलं होतं.

पालखी यायच्या दिवशी सकाळीच माळी कमरेला कोयता लावून स्वतः शिडीवर चढला. मागून म्हातारा होताच.

खाली अंधार होता, ओल होती आणि सगळीकडे शेवाळाची मऊ गादी. जाड फांद्या फुटतात तिथे बेचक्यांत नेच्यांनी पाचोळा धरून ठेवला होता. त्याची माती झाली होती, मातीत गांडूळ वळवळत होतं. जमिनीपासून पन्नास हात उंचावर गांडूळ! माळी बघतच राहिला. आणखी वर फांद्या बारीक झाल्या, ऊन आलं, वारा आला आणि शेवाळ मागे राहिलं. तिथे, जवळजवळ उघड्या सालीवर, वेणी फुलली होती. तिची जाड मुळं वाऱ्यावर मोकळी होती.

"ही रस पीत न्हाई, दादा," म्हातारा म्हणाला. "झाडाला नुस्ती धरून बसलीया. धुकं पिती, पाऊस पिती. खाली पाय वल्यात ऱ्हायलं की कुजतीया."

माळ्याने कोयता काढला. आत्ता तोडली तर दुपारपर्यंत ताजी दिसेल, आईसाहेब खूश होतील, नोकरी राहील. नंतर ती सुकली तरी कुणी बघायला येणार नाही. त्याने कोयता उचलला आणि त्याला रडू फुटलं. ज्या झाडांना आपण आयुष्यभर पाणी घातलं, त्यांच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, असं त्याला वाटलं. वेणी तशीच ठेवून तो खाली आला.

दुपारी पालखी आली. माळ्याने कुजलेली रोपं पुढे ठेवली आणि हात जोडले. "आईसाहेब, ही तीन मी मारली. चौथी मी आणणार नाही. तुम्हीच वर चला."

राजा संतापाने लाल झाला. "ऐंशी वर्षांच्या बाईला झाडावर चढवतोस?"

"तू गप्प बस," आईसाहेब म्हणाल्या. "दोर पक्का आहे का तेवढं विचार."

म्हाताऱ्याने दोराची झोळी केली. आईसाहेबांना तीत बसवून सगळ्यांनी मिळून ती हळूहळू वर ओढली. शेवाळापाशी आईसाहेबांचा आवाज आला, "अगंबाई, किती गार!" नेच्यांपाशी त्या हसल्या. मग पानांत दिसेनाशा झाल्या आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. राजाने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

शेवटी झोळी खाली आली. आईसाहेबांचे डोळे वाहत होते. हात रिकामे होते.

"फूल तोडलं नाहीत?" राजाने विचारलं.

"मी एक फूल बघायला गेले होते रे. तिथे तर खालपासून वरपर्यंत अख्खं गाव नांदतंय. जिला जेवढा उजेड, जेवढी ओल सोसते, तिने तिथे घर केलंय. पालखीतून दिसावी म्हणून कुणाच्या लेकीला घरातून उपटून आणतात का?" मग त्या माळ्याकडे वळल्या. "त्या तिघींचं पाप निम्मं माझं आहे. मागणं माझं होतं."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: जे सुंदर आहे ते आपल्या सोयीच्या उंचीवर ओढू नये, बघायचं असेल तर आपणच त्याच्या जागेपर्यंत जावं.