टाकीआडचा तेजोमेघ

“भालबा, ढग नेमके आपल्याच परसात का येतात हो?”

सुकृतचा आवाज चादरीतून आला. लॅपटॉपचा उजेड दुर्बिणीत जाऊ नये म्हणून त्याने ती डोक्यावरून ओढून घेतली होती.

आकाशाचे फोटो काढण्यात भालबांचा हात धरणारा विट्यात कुणी नव्हता. त्यांचा शिरस्ता होता. ढग आले की हातपाय गाळायचे नाहीत. दुर्बिणीला झाकण घालून काळेकुट्ट फोटो काढायचे. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके त्यात उतरतात, ते मग खऱ्या फोटोतून वजा करता येतात.

दिवेलागणीला ढग दाटले, तेव्हा सुकृतने ते इमानेइतबारे केलं होतं.

आता त्याला हवा होता मृग नक्षत्रातला तेजोमेघ. आजची शेवटची संधी. तेजोमेघ शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीआड गेला की थेट थंडीतच भेटणार. आणि या पठ्ठ्याने तर खगोल क्लबात सांगून टाकलं होतं, रविवारी फोटो दाखवतो!

भालबांच्या परसात आल्या आल्या त्याने आपल्या या गुरूलाच बजावलं होतं, “आज फोटोबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मला सगळं येतं.”

भालबा बाजेवर शेंगा फोडत बसले होते.

“वारा सुटलाय रे.”

“सुटू दे. लॅपटॉपचा पडदा काळा ठिक्कर आहे. मोबाइलवरचं हवामानही ढगच दाखवतंय.”

“असेल बाबा.”

...

“व्याधाचा तारा काय झकास दिसतोय!”

“भालबा, प्लीज! ढग मला कळतात.”

“बरं.”

...

शेवटी घामाघूम होऊन सुकृतने चादर भिरकावली आणि वर पाहिलं.

ढग औषधालाही नव्हता. तेजोमेघ टाकीआड केव्हाच गेला होता.

सुकृतला रडू कोसळायचंच बाकी राहिलं.

“तुम्हाला दिसत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तूच नको म्हणालास.”

“पण पडदा काळा कसा? कॅमेराच बिघडला असणार!”

भालबा उठले. धोतरावरची टरफलं झटकली. दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि सुकृतच्या हातात ठेवलं.

सुकृत झाकणाकडे बघत राहिला...

“आता रविवारी क्लबात दाखवू काय?” त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

“हा ढग ने,” भालबा म्हणाले. “इतक्या जवळून कुणी पाहिला नसेल.”