बेगमीच्या गाठी

झाडांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची गोष्ट. झिपरी नावाची म्हातारी खार सगळ्या खारींच्या पावसाळी बेगमीचा हिशेब एका वेलीवर ठेवायची. कुणाच्या बिया कुठल्या ढोलीत, त्याची एकेक गाठ. पण जो तो त्या वेलीची नक्कल करून आपापली वेल घरी न्यायचा आणि मनाला येईल तशा गाठी बदलायचा. एका पावसाळ्यात दोन घरं एकाच ढोलीच्या भरवशावर राहिली आणि पिल्लं उपाशी झोपली.

मग ठरलं, सुतारपक्ष्याने मधल्या मोठ्या खोडावर सगळ्यांचे वाटे टोचायचे. बघायचं ते तिथेच, बदलायचं तेही तिथेच.

"म्हणजे मी आता नुसती शेपूट झाडत बसू?" झिपरी फणकारली. तरी ती एकेक गाठ सांगत गेली, सुतार टोचत गेला. वेल संपली. सुताराने मागे सरकून अख्खं खोड न्याहाळलं.

"मावशी, सगळ्यांचे वाटे दिसतायत. तुमचा कुठाय?"

झिपरीने वेल पुन्हा चाचपली. इतकी वर्षं ती उरलंसुरलं खात आली होती.

"राहिलाच की रे," ती पुटपुटली.

सुतार उडून वर गेला आणि सगळ्या खुणांच्या वर त्याने आणखी एक भोक पाडलं.