दाण्याचं दूध

“पण बुवा, दूध म्हणजे वासराच्या तोंडचा घास. तो काढून घेणाऱ्याने शाकाहारी म्हणून मिरवायचं कशाला?”

अरविंद रेठरेकरने विचारलं आणि मांडी नीट घातली. उत्तर त्याला ठाऊक होतं. धोंडबुवांनी नुसती मान डोलवावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

बुवा पावटे सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग मोडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

“घास काढून घेतात खरं,” ते म्हणाले. “मग?”

“मग मी सोडलं. दूध, दही, ताक, तूप... सगळं.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“बरं केलंस.”

एवढंच बोलून त्यांनी पुढची शेंग घेतली. अरविंदला वाटलं होतं, बुवा हातातलं काम थांबवतील.

कोरेगावच्या पुढे, एसटी उतरवते तिथून चढ चढून आलं की माळावर हा मठ लागायचा. मठ म्हणजे पत्र्याची ओसरी, मागे चूल, पाण्याचा हौद आणि धोतर-बंडीतला हा म्हातारा. ना जटा, ना कफनी. लोक यायचे, विचारायचे. कुणाला उत्तर मिळायचं, कुणाला नुसता चहा.

अरविंद कॉलेजात असल्यापासून यायचा. आता तो साताऱ्यात एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवत होता. पगार अर्धा, तोही उशिरा. बोलणं मात्र फर्डं. शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, भाषण त्याचंच.

आज त्याच्या शेजारी, जरा मागे सरून, त्याची बायको शैलजा बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. ती मठात पहिल्यांदाच आली होती.

“सोडावंसं का वाटलं?” बुवांनी विचारलं.

अरविंदचा आवाज थोडा खाली आला.

“शाळेमागे एकाचा गोठा आहे. त्याच्या म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस आटेल म्हणून त्याने रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते तिच्यापुढे उभं केलं. ती ते चाटत होती, बुवा. चाटत होती आणि पान्हा सोडत होती. खाली हा बादली घेऊन बसलेला.”

बुवांचा हात थांबला.

“चाटत होती...”

“हो.”

खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरून गेला.

“बरं केलंस,” बुवा पुन्हा म्हणाले. या वेळी ते त्याच्याकडे बघून म्हणाले.

अरविंदला धीर आला. तो पुढे सरकला.

“आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्याचा केवढा अभिमान! पण मी म्हटलं, हे अर्धवट झालं. करायचं तर पुरतं करायचं. त्याच दिवशी घरातलं दूध बंद केलं.”

“चहाला?”

“पहिल्यांदा बदामाचं दूध आणलं. पुण्याहून मागवलं. पण एका खोक्याच्या पैशात आठवड्याची भाजी येते. आमच्यासारख्याला कसं परवडणार? मग आम्ही घरीच करायला लागलो. शेंगदाण्याचं. रात्री दाणे भिजत घालायचे, सकाळी वाटायचे, फडक्यातून गाळायचे, उकळायचे. विरजणाला हिरव्या मिरचीचे देठ.”

“लागतं दही?”

“लागतं की! लोक म्हणतात, ही श्रीमंतांची खुळं. मी म्हणतो, या माझ्या घरी आणि बघा. आम्ही नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो. तीळ भाजून कुटतो. तिळात दुधापेक्षा कॅल्शियम जास्त, बुवा. सोयाबीन उकडून एकेक दाणा सोलतो. जवसाची चटणी करतो. गाळून उरलेला चोथासुद्धा आम्ही टाकत नाही, त्याची थालीपिठं लावतो.”

“मिक्सर असेल.”

“होता. रोजच्या वाटणाने जळला. दुरुस्तीचं बघू पुढच्या महिन्यात. तोवर पाटा आहे. पाट्यावरचं दूध दाट होतं.”

बुवांनी पावट्याचं ताट जरा बाजूला केलं.

“हात बघू तुझे.”

अरविंदने दोन्ही हात पुढे केले. त्याला वाटलं, बुवा भविष्य सांगणार. एरवी ते कधी कुणाचा हात बघत नसत.

बुवांनी तळवे उलटसुलट करून पाहिले. बोटांची पेरं दाबली.

“खडूचे हात आहेत,” ते म्हणाले आणि हात परत केले.

अरविंद हसला. मास्तराच्या हाताला खडूच असणार.

“एक अडचण आहे, बुवा. म्हणून हिला घेऊन आलो.” त्याने मागे न बघताच अंगठा मागे केला. “आई ऐकत नाही. तिला संध्याकाळी दुधाचाच चहा लागतो. ही शेजारून वाटीभर दूध आणते आणि वेगळ्या भांड्यात करून देते. मला कळतं, पण मी बोलत नाही. म्हातारं माणूस आहे. पण दह्याचं काय? दह्याला दाण्यांचा वास येतो. मी हिला म्हटलं, मनापासून केलं तर नाही येणार. मुलंही नाक मुरडतात. तुम्ही हिला जरा समजावून सांगा.”

शैलजा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. तिने तो सोडवला आणि पुन्हा गुंडाळला.

“बाई,” बुवा म्हणाले, “पिशवीत काय आहे?”

ती दचकली. आपल्याला कुणी काही विचारेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

“दाणे आहेत. भिजवलेले.”

“इथे कशाला आणलेस?”

“इथे दुधाचा चहा असणार... ह्यांना चालत नाही. म्हटलं, पाटा असेलच कुठेतरी. वाटून देईन.”

“सोबत फडकं?”

“आणलंय.”

“आणि तू कुठला चहा घेतेस?”

शैलजाने जरा विचार केला.

“जो उरेल तो.”

ती हे सहज म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. अरविंदच्या कानावरून ते उत्तर निघून गेलं, कारण तो आपल्या पुढच्या प्रश्नाची जुळवाजुळव करत होता. तो प्रश्न घेऊनच तो एवढा चढ चढून आला होता.

“बुवा, येत्या रविवारी माझं व्याख्यान आहे. वाचनालयात. विषय, संपूर्ण अहिंसा. लोक उलटसुलट विचारणार. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं... मी जे केलं, ती अहिंसा पुरी झाली ना? की अजून काही राहिलं?”

बुवांनी डोळे मिटले. अरविंद वाट बघत राहिला. बुवांचं मौन त्याच्या ओळखीचं होतं. त्यातून पुष्कळदा चांगलं काही बाहेर पडायचं.

“सांगतो,” बुवा म्हणाले. “पण आधी तुझं ते दूध पाज. घसा सुकलाय.”

“आत्ता देतो!”

अरविंद मागे वळला. शैलजा उठलीच होती. पदर खोचून, पिशवी घेऊन ती चुलीकडची वाट शोधत होती.

बुवांनी हात वर केला.

ती थांबली. तिला कळेना, आपलं काय चुकलं. बुवांचा पंजा हवेतच होता. मग तो हळूहळू खाली आला, जमिनीला टेकला. तिने नवऱ्याकडे बघितलं, बुवांकडे बघितलं आणि ती खाली बसली.

“मी अरविंदाला म्हणालो.”

“मला? मला ते... म्हणजे तसं येतं. रोज बघतोच.”

“मग झालं तर. पाटा चुलीपाशी आहे.”

अरविंदने बायकोच्या हातून पिशवी घेतली आणि मागे गेला.

पाटा जड होता आणि टाकीचे घाव ताजे होते. त्याने तो धुतला, मूठभर दाणे टाकले, वरवंटा धरून जोरात रेटला. दाणे चारी बाजूंनी उडाले. काही राखेत गेले. ते वेचून त्याने धुतले. मग पाणी घातलं. सगळं पाणी दाण्यांना घेऊन पाट्यावरून वाहून गेलं.

तो ओल्या हातांनी ओसरीच्या कडेशी आला.

“अगं, पाणी केव्हा घालायचं?”

शैलजाने तोंड उघडलं. बुवा आधी बोलले.

“तिला नको विचारू. दाण्यांना विचार.”

तो परत गेला.

दाण्यांनी सावकाश सांगितलं. आधी थोडे घ्यायचे. नुसते चेचायचे. मग पाण्याचा शिंतोडा. मग रेटायचं, गोळा करायचं, पुन्हा रेटायचं. घाई केली की दाणा निसटतो. खांदे भरून आले. पायाला मुंग्या आल्या. पिशवीत बघितलं तर अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होते.

वरवंट्याची घरघर सुरू होती. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

पहाटे तो वाचायला बसायचा. मिक्सर जळल्यापासून रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातून हा आवाज यायचा. एकदा लक्ष लागेना, म्हणून तो उठला होता आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेऊन परत वाचायला बसला होता. वाचत होता तेही अहिंसेवरचंच काहीतरी.

वरवंटा थांबला...

मग पुन्हा सुरू झाला.

वाटण फडक्यात घेऊन त्याने पिळलं. कोपरापर्यंत ओघळ आले. पातेल्यात पडलं ते थोडंसंच. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा पिळलं. मनगटं दुखायला लागली. चुलीत काटक्या घातल्या, फुंकलं, डोळ्यांत धूर गेला. दूध तापायला लागलं. त्याने डोळे पुसले तेवढ्यात ते फेसाळून वर आलं आणि चुलीत सांडलं. त्याने घाईने पातेलं उतरवलं. बोट पोळलं.

उरलं त्यातलं थोडं पळीत घेऊन, फुंकर घालून त्याने चाखलं.

दाण्यांचा वास येत होता. मनापासून केलं होतं, तरीही येत होता.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. रोज किती माणसांचं करावं लागतं, त्याचा तो हिशेब करू लागला. त्याचं. मुलांचं. मग आईचा वेगळा चहा. मग नाचणी, तीळ, सोयाबीन. ‘आम्ही सोलतो’, असं तो मघाशी म्हणाला होता. आजवर आपण एक तरी दाणा सोललाय का, हे त्याने आठवून बघितलं. आठवलं नाही.

ऊन माळावरून उतरलं होतं. ओसरीची सावली हौदापर्यंत आली होती. त्याने दोन पेल्यांत दूध ओतलं. मग थांबून तिसरा पेला शोधला, तो धुतला. तिघांत सारखं वाटून ओतलं आणि पेले ताटलीत ठेवून तो पुढे आला.

शैलजा खांबाला टेकून झोपली होती.

मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं. हात मांडीवरून घरंगळून जमिनीवर पडला होता, आणि बोटं लहान मुलासारखी सैल सुटली होती. बुवांची घोंगडी तिच्या अंगावर होती. माशी कपाळावर बसली, तरी तिला कळलं नाही.

अरविंद ताटली घेऊन उभा राहिला.

इतकी वर्षं झाली लग्नाला. तो झोपायचा तेव्हा स्वयंपाकघरात भांडी वाजत असायची आणि उठायचा तेव्हा चहा तयार असायचा. झोपलेली शैलजा त्याने कधी नीट बघितलीच नव्हती. डोळ्यांखाली एवढं काळं होतं, हे त्याला आज दिसलं. चेहरा मात्र शांत होता. इतका, की तो ओळखीचा वाटेना.

बुवा काहीच करत नव्हते. नुसते बसले होते.

त्याने एक पेला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, एक घोट घेतला, दुसरा घेतला. चव कशी आहे ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

दोन पेले ताटलीत राहिले. त्याने स्वतःचा घेतला नाही.

रविवारच्या व्याख्यानाला उभं राहायचं होतं. तिथे काय बोलायचं, हे आता त्याला मुळीच सुचत नव्हतं. येताना सगळं पाठ होतं.

तो बुवांसमोर बसला. घसा खाकरला.

“बुवा, तुम्ही सांगणार होतात... अहिंसा पुरी होते, ती—”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू... तिला झोप लागलीय.”