राजाची पावलं आणि येसूचा छापा

एक होता राजा. तो मला मुळीच आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. गोष्टीत राजा आला की त्याला चांगलंच म्हणायचं, असं काही माझ्यावर बंधन नाही. मन्या, पाय आत घे. वारं सुटलंय.

तर त्या राजाच्या गावात येसू नावाची एक मुलगी होती. आपल्या शालूएवढी असेल. दोन वेण्या आणि नाकावर राग. तिच्या घरचे रांगोळीचे छापे गावात सगळ्यांना ठाऊक होते. पोफळीची झावळी गळून पडते ना, तिच्या बुडाशी चामड्यासारखी जाड विरी असते. येसूची आई ती वाळवायची आणि कातरीनं तिच्यात नक्षी कापायची. मग छापा जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी भुरभुरवायची, अलगद उचलायचा, की खाली नक्षी तयार! नव्या सुनेला वेलीचा छापा, बारशाला चिमणीचा, मावशीला तुळशीवृंदावनाचा. सणाची भेट म्हणजे हातानं कापलेला छापा, असं त्या घरात होतं.

आणखी एक रीत होती बरं का. घरात लेक जन्मली की तिचं पाऊल पिठात टेकवायचं, विरीवर उतरवून घ्यायचं आणि त्याचा छापा कापून जपून ठेवायचा. मग गौरी आल्या की त्याच छाप्यांनी दारापासून देवघरापर्यंत पावलं काढायची. टाचा दाराकडे, बोटं घराकडे. म्हणजे गौर आत येते. मग शेजारणी विचारायच्या, "गौर आली, कशाच्या पावली?" आणि आई म्हणायची, "माझ्या मंजुळेच्या पावली, माझ्या येसूच्या पावली."

मंजुळा म्हणजे येसूची थोरली बहीण. नदीपलीकडे दिलेली. यंदा नदीला पूर होता म्हणून तिचं बाळंतपण सासरीच झालं होतं. आता पाणी उतरलं होतं आणि ती तान्ह्या लेकीला घेऊन गौरीसाठी माहेरी येणार होती. येसूनं भाचीचं तोंडसुद्धा अजून पाहिलं नव्हतं. रोज उठून ती आईला विचारी, "आज येणार?"

आणि इथं तो राजा मध्ये कडमडला.

झालं काय, तो पालखीतून चालला होता. घरोघरी दारात पावलं काढण्याची तयारी दिसली. त्यानं विचारलं, "ही कुणाची पावलं?" लोक म्हणाले, "गौरीची, महाराज. ती ज्या घरात येते ते घर तिचं." झालं! राजाच्या पोटात दुखायला लागलं. माझ्या राज्यात पावलं दुसऱ्याची? त्याच्या पदरी एक चेटकी होती. तिला बोलावून तो म्हणाला, "माझ्या पावलांचा छापा कर."

मग तांब्याच्या पत्र्यावर राजानं पाय ठेवले. तांबटानं त्याबरहुकूम छापा कापला. चेटकीनं त्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "ज्या दारात ही पावलं उमटतील ते घर तुझं. बाहेरून दुसऱ्या कुणाचा पाय आत पडायचा नाही. आणि राजा, पावलं नेतील तिकडं तुला जावं लागेल." राजा पहिल्या दोन गोष्टींनीच इतका हरखला, की तिसरी त्यानं ऐकलीच नाही. मोठ्या माणसांचं हे असंच असतं.

मग तसलेच ढीगभर छापे झाले. कोतवालानं ते घरोघर वाटले. दवंडी पिटली, की यंदा दारात राजाचीच पावलं काढायची, दुसरी काढाल तर याद राखा! लोक घाबरले. त्यांनी छापे ठेवले आणि रांगोळी भुरभुरवली. हात सवयीनं चालले, टाचा दाराकडे, बोटं घराकडे. मग काय! राजा टप् टप् करत घरात शिरायचा, पाटावर बसायचा, गौरीच्या नैवेद्याची पुरणपोळी स्वतः खायचा आणि वर तूप मागायचा. घरचे आपले कोपऱ्यात उभे. येसूच्या समोरच्या घरातली लेक माहेरी आली, तर तिचा पाय उंबऱ्याशीच अडला. पुढं पडेचना. आई आत रडतेय, लेक बाहेर रडतेय. शेवटी ती पोर उलट्या पावली सासरी गेली.

येसूनं हे पाहिलं. ती घरात आली आणि म्हणाली, "आपल्या दारात नाही काढायची ती पावलं."

आई म्हणाली, "बाई गं, राजाशी कुठं वाकडं घेतेस?"

"मी कुठं घेतलं? त्यानं घेतलंय," येसू म्हणाली.

मग तिनं फडताळातून मंजुळेच्या आणि स्वतःच्या पावलांचे विरीचे छापे काढले आणि दारात पावलं काढली. तेवढ्यात कोतवाल आला. त्यानं ती पावलं जोड्यानं पुसली आणि दोन्ही छापे टराटरा फाडले. दोघी लेकींच्या बाळपणाचे छापे हो! आईनं पदर तोंडाला लावला. येसू रडली नाही. तिनं परसातलं केळीचं पान आणलं, त्यात बोटानं चाचपत आठवणीतलं पाऊल कापलं आणि पुन्हा पावलं काढली. कोतवालानं ते पान हिसकावलं आणि आपल्या घोड्याला खाऊ घातलं. हसता काय? घोड्याला आवडलं, त्याला काय कळतं!

मग कोतवाल दारातच फतकल मारून बसला. म्हणाला, "आता हा तांब्याचा छापा घे आणि माझ्यासमोर काढ. नाहीतर तुझ्या आईला घेऊन जातो."

आता काय करणार? घरात पावलांचा दुसरा छापा नाही. ताई तर निघालेलीसुद्धा असेल. येसूनं तो छापा हातात घेतला. असा धरून पाहिला, तसा धरून पाहिला. मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं आणि नाकावरचा राग थोडा गालात गेला.

तिनं विचारलं, "कोतवालकाका, हुकूम काय आहे?"

"राजाची पावलं काढायची."

"एवढाच?"

"एवढाच! काढ मुकाट्यानं."

मग येसूनं छापा फिरवून ठेवला. बोटं दाराकडे, टाचा घराकडे. रांगोळी भुरभुरवली. देवघरापासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून अंगणापर्यंत राजाची पावलं उमटली, सगळी बाहेर निघालेली. आईनं पाहिलं आणि श्वास रोखला. कोतवालानं पाहिलं आणि मान डोलावली. "छान," म्हणाला. त्यानं जन्मात कधी रांगोळीची चिमूट धरली होती का? राजानं तरी धरली होती का? पावलांचं तोंड कुठं असतं, हे हुकुमात लिहायचं त्यांना सुचलंच नाही.

मग राजा आला. टप् टप् टप्. उंबऱ्यावर पाय ठेवला मात्र, त्याचे पाय गर्रकन फिरले आणि चालायला लागले. बाहेर!

"अरे, थांबा!" राजा पायांवर ओरडला. पाय कसले थांबतात! राजा म्हणाला, "कोतवाल, धर मला." कोतवालानं धरलं, तर तोच फरफटत निघाला. मग त्यानं सोडून दिलं. वाटेत चेटकी विहिरीवर पाणी भरत होती. राजा ओरडला, "अगं, काहीतरी कर!" ती म्हणाली, "मी सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस." आणि घागर कमरेवर घेऊन चालती झाली.

समोरच्या घरातल्या बाईनं हे सगळं पाहिलं. तीच, जिची लेक परत गेली होती. ती धावत आत गेली. तिनं आपल्या दारातली पावलं पुसली, छापा फिरवला आणि पुन्हा काढली. मग तिची शेजारीण. मग अख्खी आळी. सगळ्या बाया अंगणात, हातात रांगोळी, भराभरा! आळीतून रस्त्यावर, रस्त्यावरून वेशीपर्यंत, वेशीतून पार माळावर पावलंच पावलं. पुढं राजा आणि मागं गावातली पोरं. पोरं काय ओरडत होती सांगू?

"राजा गेला, कशाच्या पावली?"

"आपल्याच पावली, आपल्याच पावली!"

वेशीपाशी समोरून मंजुळा येत होती, छातीशी बाळ धरून. तिनं बाजूला सरून राजाला वाट दिली. माळ ओलांडून तो जो गेला तो गेला.

मग मंजुळा दारात आली. सगळी आळी गोळा झाली. पाय आत पडतो की नाही, कुणाला ठाऊक? येसूनं राजाची पावलं शेणानं सारवून टाकली. पण आता आत येणारी पावलं काढायची कशानं? दोन छापे फाटले, तिसरा घोड्याच्या पोटात. आई म्हणाली, "आता गं?"

येसू म्हणाली, "छापा नसला तर नसो. पाय आहेत ना!" तिनं भाचीला घेतलं. पहिल्यांदाच घेतलं बरं का. पिठाच्या पाण्यात तिची इवलीशी पावलं बुडवली आणि उंबऱ्याच्या आत टेकवली. बोटं घराकडे. एक, मग दुसरं, मग पुढचं. आणि त्या पावलांमागून मंजुळा सरळ आत आली. पाय अडला नाही. आईच्या गळ्यात पडून ती इतकी रडली, की शेजारणीसुद्धा रडल्या. समोरच्या बाईनं लगेच आपल्या लेकीला निरोप धाडला, की ये गं, दार मोकळं झालं.

मग सगळे तांब्याचे छापे तांबटानं वितळवले आणि त्यांचं मोठं घंगाळ केलं. त्यात भाचीला न्हाऊ घातलं, आणि त्या वर्षी जन्मलेल्या गावातल्या साऱ्या बाळांना. येसूनं नवी विरी वाळवली आणि भाचीच्या पावलांचा छापा कापला. दरवर्षी गौरी त्याच पावलांनी आल्या. माणसं आपापल्या घरात आपापली पुरणपोळी खाऊन सुखात राहिली.

आणि पोरांनो, उद्या कुणी तुम्हाला दटावून सांगितलं, की तुझ्या दारात माझी पावलं काढ, तर काढा हो, खुशाल काढा. तोंड कुठं करायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

राजा गेला बाहेर, झोप आली आत. मिटा डोळे.