हिवरकोटची न ऐकलेली दवंडी

पाहुणे, जरा इकडे सावलीला या. हा दगड बघा. पेठेच्या मधोमध, चारही रस्ते मिळतात तिथंच, गुडघाभर उंचीचा काळा दगड. नगरपालिकेनं रस्ता रुंद केला, गटारं झाकली, दिव्यांचे खांब मागे सरकवले. दगडाला मात्र कुणी हात लावला नाही.

मी दौलत आवळे. नगरपालिकेची सूचनांची रिक्षा चालवतो. उद्या पाणी उशिरा येणार, शाळेत लसीकरण आहे, अमक्या गल्लीत खोदकाम चाललंय, तमक्याची म्हातारी घरचा रस्ता चुकली, हे सगळं शहराला माझ्या भोंग्यातून कळतं. बाकी सगळीकडे मी बसल्या जागेवरून भोंगा लावतो आणि पुढे जातो. इथं आलो की भोंगा बंद करतो, खाली उतरतो, दगडाशेजारी उभा राहतो आणि तीच सूचना तोंडानं सांगतो. सांगून झालं की विचारतो, "ऐकलं का?" उत्तर आल्याशिवाय इथून रिक्षा पुढे जात नाही. नवीन साहेब आले की त्यांना वाटतं, हा माणूस पेठेत चहा प्यायला थांबतो. मग कुणीतरी त्यांना ठकूची गोष्ट सांगतं.

ही फार जुनी गोष्ट. तेव्हा हिवरकोटला तट होता आणि दिवस मावळला की वेशीचे दरवाजे लागायचे. वर गढीत मानसिंगराव नावाचा किल्लेदार होता. तो वाईट होता असं कुणी म्हणत नाही. चांगल्या सालात चांगला होता म्हणे.

त्या काळी रीत अशी होती की गढीतून निघालेला हुकूम या दगडावर उभं राहून, हलगी वाजवून पुकारायचा. पुकारला की लागू. पुकारला नाही तोवर तो हुकूमच नव्हे. मानसिंगरावाच्या आजानं ही रीत घातली होती आणि गादीवर बसणारा प्रत्येक जण जोगाईच्या पायावर हात ठेवून ती पाळायची शपथ घ्यायचा. मानसिंगरावानंही घेतली होती.

हलगीचा मान आमच्या आवळ्यांकडे, गावात दुसऱ्या कुणी ती वाजवायची नाही. मान म्हणायचा, पण घरं आमची तटाबाहेर. ठकूचा नवरा दवंडी द्यायचा. तो साप चावून गेला, तेव्हा ठकूनं हलगी आपल्या गळ्यात अडकवली. बाईनं दवंडी द्यायची म्हणून लोक आधी हसले. पण तिचा आवाज असा होता म्हणतात, की इथं बोलली तर तटावरचा पहारेकरी मान वळवायचा. हसणारे गप्प झाले.

मग पाऊस सलग दोन सालं रुसला. विहिरी आटल्या. राहिली फक्त बारव. जोगाईच्या देवळामागं आहे ती, पायऱ्यापायऱ्यांची, पुढे तुम्हाला दाखवतो. अख्खं हिवरकोट तिच्यावर जगत होतं. पाणी दर आठवड्याला एकेक पायरी खाली चाललं होतं. ते बघून मानसिंगरावाच्या मनात भीती शिरली. गढीतली माणसं, घोडे, बाग, हत्ती, या सगळ्यांचं कसं होणार? त्यानं हुकूम काढला. उद्यापासून बारव गढीची. दुसऱ्या कुणी घागर बुडवली तर त्याचा हात तोडायचा.

गढीचा कारभारी होता राघोपंत. तो हुकूम घेऊन दगडापाशी आला आणि त्यानं ठकूला तो ऐकवला. पुकारणाऱ्यानं ऐकायचं आणि शब्दाला शब्द तसंच सांगायचं, एवढंच तिचं काम.

ठकूनं विचारलं, "आन् लोकांनी प्यायचं काय?"

"ते हुकुमात नाही."

"मग हा हुकूम माझ्या तोंडातनं निघायचा न्हाई."

राघोपंताला आधी कळलंच नाही की ती नाही म्हणाली. कळलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "ठके, तुला काय त्याचं? तुला तर त्या बारवेची पायरीसुद्धा उतरता येत नाही."

आणि हे खरं होतं. आमच्या माणसांना बारवेत उतरायची मनाई होती. ठकू काठावर मडकं घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओंजळभर ओतायचं. कधी दुपार व्हायची उभ्या उभ्या.

ठकू म्हणाली, "म्हनूनच म्हनते, पंत. पान्यापाशी उभं ऱ्हाऊन कोरडं परत जायचं म्हंजे काय, ते या गावात माझ्याइतकं कुनाला ठावं न्हाई. ते मी दुसऱ्याला सांगायची न्हाई."

तिनं हलगी गळ्यातून काढली, दगडावर पालथी घातली आणि शेजारी बसली.

राघोपंतानं आमच्या वस्तीतल्या बाकी पुरुषांना बोलावलं. हलगी सगळ्यांनाच येत होती. पण ठकू बसलेली बघून एकानंही ती उचलली नाही. एकाचा हात दुखत होता, एकाचा घसा बसला होता. ठकूचा थोरला दीर तर म्हणाला, "माझी भावजय जे बोलत न्हाई, ते मला बोलाया येत न्हाई." त्याच दिवशी गढीच्या शिपायांनी ठकूचं खोपट पाडलं. ती दगडापासून उठली नाही.

मानसिंगरावानं तिला मारून का टाकलं नाही, असं पाहुणे नेहमी विचारतात. मारून काय मिळालं असतं? हुकूम तर पुकारायचाच राहिला असता. म्हणून त्यानं दुसरी युक्ती केली. दगडापाशी पहारा बसवला आणि सांगितलं की इथून कसलीही दवंडी द्यायची तर आधी गढीचा हुकूम पुकारायचा, मग बाकीचं.

त्यामुळं हिवरकोट मुकं झालं. कुणी मेलं तर नातेवाइकांना कळायच्या आत राख थंड होत होती. बाजार कधी भरणार ते कुणाला ठाऊक नाही. हरवलेली म्हैस हरवलेलीच राही. लोक चिडले. आणि खरं सांगायचं तर ते किल्लेदारावर नाही, ठकूवर चिडले. येताजाता टोमणे मारायला लागले. एवढा कसला ताठा, एक दवंडी दिली असती तर काय झालं असतं? तिच्या मडक्यात पाणी ओतणारे हात कमी झाले. एकदोन दिवस तर ती तशीच बसून होती म्हणे, ओठ फुटलेले.

अशातच कुंभारवाड्यातल्या सुंदराची पोर हरवली. चार वर्षांची होती. सुंदरा ऊर बडवत आली आणि तिनं ठकूचे पाय धरले. "अक्का, दवंडी दे गं! माझी पोर गेली. ऊन बघ कसलं पडलंय. सुकून जाईल ती."

पहारेकऱ्यानं भाला आडवा केला. "आधी गढीचा हुकूम."

ठकूनं हलगीकडं बघितलं. माझा आजा ही गोष्ट सांगताना इथं नेहमी थांबायचा. म्हणायचा, चाबूक सोसणं सोपं असतं रे, पण पायाशी पडलेली आई सोसवत नाही. एका पोरीसाठी हुकूम पुकारला असता तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी गावातली सगळी पोरं तहानेली राहिली असती.

तिनं हलगी तिथंच ठेवली. सुंदराचा हात धरून उठवलं आणि समोरच्या तांबटाच्या दाराशी नेलं. त्याच्या बायकोला हाक मारून साध्या आवाजात सांगितलं, "कुंभाराची पोर हरवलीय. लाल परकर हाय. शेजारच्या घरी सांगा. त्यांना म्हनावं, फुडच्या घरी सांगा."

पहारेकरी गोंधळला. हलगी वाजली नव्हती, दगडावर कुणी चढलं नव्हतं. एका बाईनं दुसऱ्या बाईशी बोलू नये, असा हुकूम कुठं होता?

तांबटीण शेजारणीकडं गेली. शेजारीण पुढच्या घरी. बातमी घराघरातून पळत सुटली, ओसरीवरून अंगणात, अंगणातून माडीवर, पेठेतून वेशीपर्यंत. पोर वेशीबाहेर धनगरांच्या वाड्यात मेंढराच्या पिलाला कवटाळून झोपलेली सापडली. तिला खांद्यावर घेऊन धनगर आला, तेव्हा सुंदरा रडली आणि तिच्याबरोबर पेठेतल्या कितीतरी बायका रडल्या. ठकूला टोमणे मारणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. त्या दिवसापासून गावची खबर गावच सांगायला लागलं.

हे गढीवर कळलं तेव्हा मानसिंगराव खवळला. त्यानं लांबच्या मुलखातून एक दवंडीवाला आणवला. दांडगा गडी, डोक्याला जरीचा फेटा, घोड्यावर नगारा. लोकांना शिपायांनी घरांतून काढून दगडाभोवती गोळा केलं. राघोपंत उभा राहिला. नगारा झाला. दवंडीवाल्यानं दगडावर चढून खणखणीत आवाजात हुकूम पुकारला. बारव गढीची. घागर बुडवेल त्याचा हात तोडला जाईल.

झालं, हुकूम लागू झाला असंच सगळ्यांना वाटलं.

तेवढ्यात ठकू उठली. लोकांकडं तोंड करून तिनं विचारलं, "ऐकलं का?"

समोर भाले होते. तिनं पुन्हा विचारलं, "काय म्हनला त्यो? ऐकलं का कुनी? कुनी ऐकलंच न्हाई, तर पुकारलं कसं म्हनायचं?"

गर्दीतून सुंदराचा आवाज आला. "मी न्हाई ऐकलं."

मग तांबट म्हणाला, "मीबी न्हाई." मग धनगर, मग सोनार, मग देवळाचा गुरव. मग सगळी पेठ एका आवाजात म्हणाली, "न्हाई ऐकलं!"

राघोपंतानं हुकूम पुन्हा पुकारायला लावला. ठकूनं पुन्हा विचारलं. न्हाई ऐकलं. अजून मोठ्यानं, असं राघोपंत ओरडला. दवंडीवाला बेंबीच्या देठापासून ओरडला. न्हाई ऐकलं. ऊन चढलं, नगारा बडवून बडवून सैल झाला, गड्याचा घसा बसला. शेवटी राघोपंत त्याच्यावरच उखडला, "अरे, तू तरी सांग यांना! तू आत्ता काय पुकारलंस ते सांग!"

तो परगावचा माणूस. त्यानं सभोवार बघितलं. कडेवरची पोरं बघितली, रिकाम्या घागरी बघितल्या. फेटा काढून घाम पुसला आणि बसक्या आवाजात म्हणाला, "काय की सरकार. मीबी न्हाई ऐकलं."

पेठ हसली. कितीतरी महिन्यांनी हिवरकोट हसलं.

ते हसणं गढीपर्यंत गेलं आणि मानसिंगराव स्वतः घोड्यावरून आला. ठकूपुढं घोडा उभा करून म्हणाला, "आता मी सांगतो. माझंही ऐकू येत नाही का?"

ठकू त्याच्याकडं न बघता लोकांना म्हणाली, "ऐकलं का?"

त्यानं शिपायाच्या हातातला भाला हिसकावला आणि उलट्या बाजूनं तिच्या कानशिलावर मारला. ती कोसळली. कानातून रक्त आलं. सुंदरा धावली, पण ठकू तिच्या हाताला धरून पुन्हा उभी राहिली आणि त्याच आवाजात, तटावर ऐकू जाणाऱ्या आवाजात, तिनं विचारलं, "ऐकलं का?"

"न्हाई!"

असं सांगतात की मानसिंगरावानं हुकूम पुकारायला तोंड उघडलं आणि त्यातून शब्दच फुटला नाही. जोगाईनं शपथेची आठवण करून दिली, असं गुरव म्हणतात. माझा आजा म्हणायचा, देवी कशाला हवी? सगळं गाव समोर उभं राहून नाही म्हणत असेल तर कुणाचाही घसा बसेल. काय असेल ते असो. किल्लेदार बोलला नाही, एवढं सगळे सांगतात.

त्याच्या देखत सुंदरानं घागर कमरेवर घेतली आणि बारवेकडं चालायला लागली. तिच्या मागून बाकीच्या बाया. बारवेवर त्या दिवशी सकाळीच पहारा बसवला होता. पण पुकारलेला हुकूमच नव्हता, तर पहारेकऱ्यांनी अडवायचं कशाच्या जोरावर? शिवाय त्यांच्या आया-बहिणीही त्याच रांगेत होत्या. त्यांनी भाले भिंतीला टेकवले.

ठकू सवयीनं काठावर थांबली. मडकं पुढं करून उभी राहिली. तेव्हा सुंदरा चार पायऱ्या परत वर आली आणि तिनं ठकूचं मनगट धरलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, तिला मनाई आहे ना?"

सुंदरा म्हणाली, "असंल. मी न्हाई ऐकलं."

ठकू त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा बारवेत उतरली. पाण्यात हात बुडवून ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली म्हणे. प्यायचंसुद्धा विसरली.

पाणी वाटून पुरलं, आणि पुढच्या मृगाला पाऊस आला. गढी नंतर ओस पडली. आता तिथं सीताफळाची झाडं आहेत.

ठकूचे कान मात्र त्या घावानं कायमचे गेले. ती पुढं पुष्कळ वर्षं दवंडी देत राहिली, पण तिला लोकांचं उत्तर ऐकू येईना. तेव्हा लोकांनी आपणहून ठरवलं, ऐकलं असेल आणि मान्य असेल तर हात वर करायचा, म्हणजे ठकूला दिसेल.

आजही इथं तोंडानं कुणी उत्तर देत नाही, हातच वर करतात. दुकानदार वजनकाटा सोडून करतात, शाळेतल्या पोरी दप्तर सावरत करतात. गेल्या उन्हाळ्यात खालच्या आळीतले सार्वजनिक नळ बंद करायची सूचना घेऊन मी आलो होतो. दगडाशेजारी उभं राहून वाचली. विचारलं, "ऐकलं का?" पेठ गच्च भरलेली. एक हात वर झाला नाही. मी पुन्हा वाचली, पुन्हा विचारलं. शेवटी रिक्षा वळवली आणि साहेबांना जाऊन सांगितलं की लोकांनी ऐकलेलं नाही.

नळ तिकडे आहेत, त्या लिंबाच्या पलीकडे. चालू आहेत. ऊन फार आहे, पाणी पिऊन घ्या, मग आपण बारवेकडं जाऊ.